नासिकॉनची गोळी वाहकता देत नाही, तेव्हा सोडियमचा हिशेब तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सोडियम कार्बोनेट, झिर्कोनिया, सिलिका आणि अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट घेऊन घन-अवस्था पद्धतीनं तुम्ही नासिकॉन, म्हणजे सोडियमचे आयन वाहून नेणारं घन सिरॅमिक, बनवलं. भुकटी ११०० अंश सेल्सिअसला कॅल्साइन केली, म्हणजे घटकांची अभिक्रिया व्हावी म्हणून तापवली, आणि दाबलेली गोळी १२५० अंशांवर १२ तास सिंटर केली, म्हणजे न वितळवता तिचे कण एकमेकांना जोडले. गोळीचा व्यास १० मिलिमीटर, जाडी १ मिलिमीटर, घनता सैद्धांतिक घनतेच्या ८४ टक्के. एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरण विवर्तनात, नासिकॉनच्या रेषांबरोबर २८.२ आणि ३१.५ अंशांवर दोन जादा रेषा आल्या. खोलीच्या तापमानाला वाहकता ०.०२ मिलिसिमेन्स प्रति सेंटिमीटर निघाली, आणि शोधनिबंधांत मात्र ०.५ ते १ मिलिसिमेन्सचे आकडे दिसतात. सरांचं म्हणणं, घनता कमी आहे, आणखी तापवा आणि जास्त वेळ ठेवा. तुम्ही विचारताय की तसं करू, स्कँडियम घालून बघू, की सरळ बीटा-ॲल्युमिना या दुसऱ्या सोडियम-वाहक पदार्थाकडे वळू?

यातलं काहीच आत्ता करू नका. तुम्ही जोडलेला इम्पीडन्सचा, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतांना मोजलेल्या रोधाचा, आलेख मी नीट पाहिला. त्यात तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे, पण तुम्ही फक्त उजवीकडचा आकडा वापरला.

अर्धवर्तुळ उजवीकडे ६३७० ओहमला टेकतं. जाडी ०.१ सेंटिमीटर, क्षेत्रफळ ०.७८५ चौरस सेंटिमीटर. जाडीला रोध आणि क्षेत्रफळाच्या गुणाकारानं भागलं की ०.०२ मिलिसिमेन्स येतात. गणित बरोबर आहे. पण तेच अर्धवर्तुळ डावीकडे शून्यातून निघत नाही, साधारण २५० ओहमपासून निघतं. हे २५० ओहम तुमच्या स्फटिककणांच्या आतल्या भागाचे आहेत. त्यावरून कणांच्या आतली वाहकता काढा: ०.५ मिलिसिमेन्स! म्हणजे तुम्ही बनवलेलं नासिकॉन आतून चांगलं आहे. उरलेले ६१२० ओहम, एकूण रोधाच्या ९६ टक्के, कणांच्या सीमांवर, आपण ज्याला ग्रेन बाउंड्री म्हणतो तिथे, अडकलेत.

हे मी कशावरून म्हणतो? अर्धवर्तुळाचा माथा २६ किलोहर्ट्झला आहे. त्या वारंवारतेवरून आणि ६१२० ओहमवरून धारिता काढली तर जवळजवळ १ नॅनोफॅरड येते. तुमच्या मापाच्या गोळीत स्फटिकांची स्वतःची धारिता, डायइलेक्ट्रिक स्थिरांक २० धरला तर, १४ पिकोफॅरडच्या आसपास असायला हवी. सत्तरपट जास्त धारिता पातळ थरांमुळेच येते, आणि ते पातळ थर म्हणजे कणसीमा. स्फटिकांचं स्वतःचं अर्धवर्तुळ तुम्हाला दिसणारच नाही. १ मिलिसिमेन्सच्या पदार्थात त्याचा माथा ९० मेगाहर्ट्झला येतो, ०.५ मिलिसिमेन्सच्या पदार्थात त्याच्या निम्म्यावर, आणि तुमचं यंत्र १ मेगाहर्ट्झला थांबतं. ते पाहायचं असेल तर गोळी उणे ५० किंवा त्याहून खाली थंड करून मोजावी लागते. थंडीत आयन मंदावतात आणि अर्धवर्तुळ यंत्राच्या आवाक्यात सरकतं. सोय असेल तर एकदा नक्की करा, प्रबंधात तो आलेख फार बोलका दिसतो.

आता घनतेचं. सरांचं म्हणणं चुकीचं नाही, ८४ टक्के कमीच आहे. पण १६ टक्के छिद्रांनी वाहकता किती घटेल याचा अंदाज घ्या. नेहमीच्या सूत्रानं, घन भागाच्या दीड घातानं, ०.८४ चे ०.७७ होतात. म्हणजे छिद्रांनी एक चतुर्थांश वाहकता खाल्ली. तुमची गेलीय पंचवीस ते पन्नास पट. तो तोटा छिद्रांचा नाही. आणखी एक गोष्ट: ८४ टक्के काढताना तुम्ही नासिकॉनची सैद्धांतिक घनता, ३.२७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, वापरली असणार. गोळीत मोकळा झिर्कोनिया असेल, ज्याची घनता साडेपाचच्या वर आहे, तर खरी सैद्धांतिक घनता ३.२७ पेक्षा जास्त ठरते आणि तुमचे ८४ टक्के प्रत्यक्षात आणखी कमी होतात. झिर्कोनिया असलेल्या गोळीची घनता दिसते त्यापेक्षा वाईट असते, हे लक्षात ठेवा.

तुमच्या जादा रेषा झिर्कोनियाच्याच आहेत. तांब्याच्या क्ष-किरणांना मोनोक्लिनिक झिर्कोनियाच्या दोन सर्वांत ठळक रेषा बरोबर २८.२ आणि ३१.५ ला येतात. ३१.५ च्या जवळ नासिकॉनच्याही रेषा आहेत, त्यामुळे निवाडा २८.२ वर करा.

मग झिर्कोनिया आला कुठून? याचं उत्तर समजायला स्फटिकाची रचना थोडी डोळ्यांसमोर आणावी लागेल. नासिकॉनचं कुटुंब असं लिहितात: सोडियम १ अधिक क्ष, झिर्कोनियम २, सिलिकॉन क्ष, फॉस्फरस ३ वजा क्ष, ऑक्सिजन १२. क्ष शून्यापासून तीनपर्यंत बदलता येतो. झिर्कोनियमचे अष्टफलक आणि सिलिकॉन-फॉस्फरसचे चतुष्फलक फक्त कोपऱ्यांवर जोडलेले असतात, आणि त्या सांगाड्यातून तिन्ही दिशांना बोगदे जातात. एका सूत्रामागे सोडियमसाठी चार जागा असतात, एका प्रकारची एक आणि दुसऱ्या प्रकारच्या तीन. क्ष शून्य असताना एकच सोडियम असतो, तो आपल्या पहिल्या जागी बसून राहतो. क्ष तीन झाला की चारही जागा भरतात, हलायला जागाच उरत नाही. क्ष दोनला पंगतीत चार पाट आणि जेवणारे तीन अशी अवस्था होते. एक पाट रिकामा आहे, म्हणून शेजारचा सरकू शकतो, त्याच्या मागचा त्याच्या जागी येतो. शिवाय सिलिकॉन फॉस्फरसपेक्षा मोठा, त्यामुळे ज्या ऑक्सिजनच्या त्रिकोणातून सोडियमला निसटायचं असतं तो त्रिकोण थोडा रुंद होतो. म्हणून सगळे क्ष दोनच्या आसपास काम करतात: तीन सोडियम, दोन झिर्कोनियम, दोन सिलिकॉन, एक फॉस्फरस. १९७६ मध्ये एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत हाँग, गुडइनफ आणि काफालास यांनी हे कुटुंब मांडलं तेव्हाही सर्वोत्तम वाहकता इथेच मिळाली होती, ३०० अंशांवर ०.२ सिमेन्स प्रति सेंटिमीटरच्या घरात.

या चार घटकांपैकी झिर्कोनियम आणि सिलिकॉन भट्टीत जागचे हलत नाहीत. सोडियम आणि फॉस्फरस हलतात. १२०० अंशांच्या वर दोघांची वाफ होऊन ते गोळीच्या पृष्ठभागातून निघून जातात. ते गेले की सांगाडा टिकत नाही, झिर्कोनियम ऑक्साइडच्या रूपात बाहेर पडतो आणि उरलेलं सिलिकाबहुल द्रव्य काचेसारखं कणांच्या फटींत बसतं. ती काच सोडियमला फार कमी वाट देते. तुमचे ६१२० ओहम त्या काचेचे आणि झिर्कोनियाचे आहेत. म्हणूनच आणखी तापवणं, आणखी वेळ ठेवणं हा इथे उलटा उपाय ठरेल. दोन टक्के घनता मिळेल आणि आणखी सोडियम जाईल.

पण झिर्कोनियाला दुसराही एक उगम असू शकतो: तो मुळात विरघळलाच नसेल. झिर्कोनिया फार थंड स्वभावाचा पदार्थ आहे, जाड कण असतील तर मधला गाभा अभिक्रियेबाहेर राहतो. या दोन कारणांवर उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून आधी निदान करा. ११०० ला कॅल्साइन केलेल्या भुकटीचं एक्सआरडी घ्या. त्यातच २८.२ ची रेषा ठळक असेल तर दोष वजनात, मिश्रणात किंवा कणांच्या आकारात आहे. भुकटीत ती नगण्य असेल आणि गोळीत आली असेल तर सोडियम उडालाय. मग गोळीचा पृष्ठभाग पॉलिश पेपरवर साधारण २०० मायक्रॉन घासून पुन्हा एक्सआरडी घ्या. रेषा लक्षणीय बारीक झाली तर शंकेला जागा नाही, कारण वाफ पृष्ठभागातूनच जाते. मी वर्षानुवर्षं हेच तीन आलेख शेजारी शेजारी ठेवून बघत आलोय.

आणखी एक साधी चाचणी आहे, तिला फक्त चांगला तराजू लागतो. सूत्रातलं सोडियम ऑक्साइड एकूण वजनाच्या १७.५ टक्के असतं. त्यातलं दहावा हिस्सा उडालं तर गोळी पावणेदोन टक्क्यांनी हलकी होते, म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या गोळीत जवळपास ९ मिलिग्रॅम. गोळी दाबून ५०० अंशांवर तासभर ठेवा, म्हणजे ओलावा आणि बाइंडर जातील. थंड झाल्याबरोबर वजन करा, मग सिंटर करा, पुन्हा वजन करा. फरक तुम्हाला सांगेल की काय गेलं. ही नोंद प्रत्येक गोळीची ठेवायची सवय लावली तर सहा महिन्यांनी तुमच्याकडे अशी माहिती असेल जी शोधनिबंधांत सहसा छापलेली नसते.

वजनाच्या टेबलाशी मात्र पुन्हा जायला हवं, कारण माझ्या अनुभवात निम्म्या चुका तिथेच होतात. ०.०२ मोलच्या घाण्याला, म्हणजे साडेदहा ग्रॅम नासिकॉनला, सोडियम कार्बोनेट ३.१८० ग्रॅम, झिर्कोनिया ४.९२९, सिलिका २.४०३ आणि अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट २.३०१ ग्रॅम लागतं. हे आकडे कोरड्या पदार्थांचे आहेत. सोडियम कार्बोनेट दमट हवेत पाणी ओढून मोनोहायड्रेट बनतं, आणि त्यात १४.५ टक्के पाणी असतं. बरणी पूर्ण ओलावली असेल आणि तुम्ही कोरडं समजून वजन केलं तर तीन सोडियमऐवजी २.५६ च पडले. जुलै-ऑगस्टात कोकणात किंवा कोल्हापुरात काम करणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, पण ज्यांची प्रयोगशाळा वातानुकूलित आहे तेही फसतात, कारण बरणी कधीतरी उघडी राहिलेली असते. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका पावसाळ्यात आमचे सलग सात घाणे झिर्कोनियानं भरलेले निघाले. आम्ही तापमान बदलत राहिलो, वेळ बदलत राहिलो. शेवटी एका सहकाऱ्यानं कार्बोनेटची बरणी भट्टीत ठेवून वजन किती घटतं ते पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. तेव्हापासून मी कार्बोनेट २५० अंशांवर रात्रभर ठेवतो, डेसिकेटरमध्ये थंड करतो आणि लगेच वजन करतो. सिलिकाचंही तसंच. फ्यूम्ड सिलिका हलकी आणि भुसभुशीत असते, ओलावा धरते. अर्धा ग्रॅम घेऊन ९०० अंशांवर तापवून किती घटते ते पाहा आणि तेवढं जादा घ्या.

मिश्रणासाठी बॉल मिल वापरताय हे चांगलं, पण तुम्ही पाणी वापरल्याचं लिहिलंय, ते बंद करा. सोडियम कार्बोनेट आणि अमोनियम फॉस्फेट दोन्ही पाण्यात विरघळतात, झिर्कोनिया आणि सिलिका विरघळत नाहीत. नंतर लगदा वाळवताना पाणी वरच्या पृष्ठभागाकडे येत राहतं आणि आपल्याबरोबर मीठ वर आणतं. जुन्या घराच्या भिंतीला लोणा लागतो ना, तसंच. वर सोडियमचा पापुद्रा आणि खाली उपाशी झिर्कोनिया अशी तुमच्या ताटलीची अवस्था होते. आयसोप्रॉपिल अल्कोहोल वापरा, त्यात यातलं काहीच फारसं विरघळत नाही. झिर्कोनियाच्या गोळ्यांनी दळत असाल तर दळण्याआधी आणि नंतर त्यांचं वजन करा. झिजलेला झिर्कोनिया तुमच्या घाण्यात जातो, आणि तो हिशेबात नसतो.

पहिला तापवण्याचा टप्पा सावकाश घ्या. अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट १९० अंशांच्या आसपास वितळतं, अमोनिया आणि पाणी सोडतं, आणि सगळं मिश्रण फसफसून वर येतं. क्रुसिबल एक तृतीयांशच भरा, मिनिटाला एक-दोन अंशांनी ४०० पर्यंत जा, तिथे चार तास थांबा. हे काम हवा खेचणाऱ्या हूडजवळ करा. मग काढून पुन्हा दळा. या मधल्या दळण्याला अनेकजण फाटा देतात आणि तिथेच एकजिनसीपणा गमावतात. त्यानंतर ९०० ला सहा तास, पुन्हा दळण, मग ११०० ला बारा तास. शेवटचं दळण सर्वांत महत्त्वाचं, कारण सिंटरिंगची ताकद कणांच्या बारीकपणातून येते. भुकटी एक मायक्रॉनच्या खाली गेली तर तुम्हाला १२५० ची गरजच पडणार नाही.

आता उडणाऱ्या सोडियमचा बंदोबस्त. प्रचलित उपाय म्हणजे सोडियम आणि फॉस्फरस दहा टक्के जादा घेणं. तो चालतो, पण मला फारसा आवडत नाही. किती उडेल हे गोळीच्या आकारावर, भट्टीवर, वेळेवर ठरतं. जादा घेतलेलं उडालं नाही तर ते सोडियम फॉस्फेट आणि सिलिकेट होऊन कणसीमांवरच बसतं. मग गोळी चार दिवसांत हवेतला ओलावा ओढून पांढरी पडते, बोटाला चिकट लागते. वाफ जाईल म्हणून भातात दुप्पट पाणी घालण्यापेक्षा झाकण ठेवलेलं बरं. क्रुसिबलमध्ये त्याच घाण्याच्या भुकटीचा बोटभर थर द्या, त्यावर गोळी, तिच्यावर पुन्हा भुकटी, म्हणजे गोळी पूर्ण पुरली जाईल. वर घट्ट बसणारं झाकण. आसपासची भुकटी सोडियमची वाफ पुरवत राहते आणि गोळीतून बाहेर पडायला सोडियमला कारण उरत नाही. अशा बंदोबस्तात मी दोघांचंही जादा प्रमाण पाच टक्क्यांवर आणतो: कार्बोनेट ३.३३९ ग्रॅम, फॉस्फेट २.४१६. भुकटीचं आवरण दोन-तीनदा वापरलं की फेका, तेही उपाशी होतं.

ॲल्युमिनाच्या क्रुसिबलला गोळी थेट लागू देऊ नका. सोडियम ॲल्युमिनाशी अभिक्रिया करतो आणि तळाशी गोळी चिकटते. आवरण दिलं तर ॲल्युमिनाचं क्रुसिबल चालतं. प्लॅटिनम किंवा मॅग्नेशियाचं उपलब्ध असेल तर उत्तम.

दाबताना १२ मिलिमीटरच्या डायला दोन टन पुरे आहेत, ते जवळपास १७० मेगापास्कल होतात. त्याहून जास्त दिलं की गोळी काढताना आडवी चकती सुटते. दाब सोडताना हळू सोडा. थंड आयसोस्टॅटिक प्रेसची, म्हणजे सगळ्या बाजूंनी सारखा दाब देणाऱ्या यंत्राची, सोय असेल तर ती गोळी नंतर त्यात घाला, कच्ची घनता वाढली की सिंटर केलेली घनता आपोआप वाढते.

सिंटरिंगला १२०० ते १२३० अंश आणि आठ ते दहा तास, एवढ्यावर आधी थांबून बघा. तुमच्या भट्टीचा थर्मोकपल गोळीपासून लांब असेल तर पडद्यावरचे १२५० गोळीजवळ १२८० असू शकतात, आणि या पदार्थात तीस अंशांनी बराच फरक पडतो. शंका असेल तर गोळीच्या जागी दुसरा थर्मोकपल ठेवून बघा, किंवा सोन्याच्या तारेचा बारीक तुकडा ठेवा. सोनं १०६४ ला वितळतं, त्यावरून भट्टी किती चुकते ते कळतं. फार वेळ ठेवण्यात आणखी एक धोका आहे. नासिकॉन खोलीच्या तापमानाला मोनोक्लिनिक असतं, १५० अंशांच्या आसपास ऱ्हॉम्बोहेड्रल होतं, आणि वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळं प्रसरण पावतं. कण मोठे झाले की थंड होताना शेजारच्या कणांत ताण येऊन सूक्ष्म भेगा पडतात. त्या भेगाही इम्पीडन्समध्ये कणसीमेचा रोध म्हणूनच दिसतात. भरपूर वेळ देऊन घनता ९५ टक्के आली आणि वाहकता मात्र घटली, असं झालं तर या भेगांकडे बघा. (एक्सआरडीत १९ अंशांजवळच्या रेषेची जोडी दिसली की मोनोक्लिनिक रूप आलंय असं समजा, ती चूक नव्हे.)

हे सगळं करूनही थोडा झिर्कोनिया राहिला तर? फॉन आल्पेन आणि सहकाऱ्यांनी सुचवलेलं सूत्र आहे, ज्यात मुळातच झिर्कोनियम कमी घेतात म्हणजे मोकळा उरायला जागा राहत नाही. तो मार्ग चांगला आहे, पण त्यात काचेचा अंश वाढतो, म्हणून मी तो शेवटी ठेवतो. किनाऱ्यांवरचं खनिज आवडत असेल तर दुसरी जुनी कृती सांगतो: झिर्कॉन, म्हणजे झिर्कोनियम सिलिकेट, जो केरळातल्या चवराच्या वाळूत मिळतो, त्याचे दोन मोल आणि ट्रायसोडियम फॉस्फेटचा एक मोल. बेरीज बरोबर नासिकॉन. झिर्कोनियम आणि सिलिकॉन आधीच एकमेकांशेजारी असतात. अडचण एवढीच की झिर्कॉन फार निष्क्रिय, त्याला खूप बारीक दळावं लागतं.

तुम्ही सोल-जेलबद्दलही, म्हणजे द्रावणाचं जेल करून त्यातून भुकटी बनवण्याबद्दल, विचारलंत. टेट्राएथिल ऑर्थोसिलिकेट, झिर्कोनिल नायट्रेट, सोडियम नायट्रेट आणि फॉस्फेट वापरून भुकटी खूप एकजिनसी होते आणि कमी तापमानाला सिंटर होते, हे खरं. पण झिर्कोनियमच्या द्रावणात फॉस्फेट पडताक्षणी झिर्कोनियम फॉस्फेटचा साका बसतो, त्यामुळे फॉस्फेट सर्वांत शेवटी, थेंबाथेंबानं आणि जोरात ढवळत घालायचं. नायट्रेट आणि सायट्रिक ॲसिडचं जेल वाळल्यावर तापवताना एकदम पेट घेऊ शकतं. पहिल्यांदा करताना दोन ग्रॅमपेक्षा जास्त घाणा करू नका, हूडची काच खाली ठेवा आणि चष्मा घाला.

स्कँडियम आत्ता घालू नका. त्यानं खरंच फायदा होतो: जर्मनीतल्या युलिश संशोधन केंद्रात मा, गियों आणि टीट्झ यांनी २०१६ मध्ये सूत्रातल्या दोन झिर्कोनियमपैकी ०.४ च्या जागी स्कँडियम घालून २५ अंशांवर ४ मिलिसिमेन्स मिळवले. स्कँडियमची संयुजा तीन, झिर्कोनियमची चार, म्हणून समतोल साधायला सोडियम वाढतो. पण तो फायदा मुख्यतः कणांच्या आत होतो. तुमच्या आत ०.५ आहेच. तुमचा अडसर सीमांवर आहे, तिथे स्कँडियम काही करणार नाही, आणि ते महाग आहे. सीमांचा रोध आतल्या रोधाएवढा खाली आला की मग घाला, तेव्हा फरक मोजता येईल.

आणि बीटा-ॲल्युमिना? त्याला मी मनापासून मान देतो. १९१६ मध्ये रँकिन आणि मर्विन यांनी त्याला ॲल्युमिनाचंच एक रूप समजून हे नाव दिलं, सोडियम त्यात आहे हे नंतर कळलं. १९६७ मध्ये फोर्ड मोटर कंपनीत याओ आणि कुमर यांनी त्यात सोडियम किती मोकळेपणानं फिरतो ते दाखवलं आणि घन विद्युत-अपघटनीचं सगळं क्षेत्र जागं झालं. जपानच्या एनजीके कंपनीच्या सोडियम-गंधक बॅटऱ्या बीटा डबल प्राइम ॲल्युमिनाच्या, म्हणजे त्याच्याच जास्त वाहक रूपाच्या, नळ्यांवर ३०० अंशांच्या वर चालतात, जपानमधल्या रोक्काशोला त्यांचा ३४ मेगावॉटचा संच २००८ मध्ये पवनऊर्जेला जोडला गेला. पण सिंटरिंगला १६०० अंशांच्या घरात जावं लागतं, तिथे सोडियम आणखी वेगानं उडतो. वाहणं फक्त दोन मितींत होतं, कणांची दिशा चुकली की रोध वाढतो. लिथिया किंवा मॅग्नेशिया घालून डबल प्राइम रूप टिकवावं लागतं. ज्या अडचणीनं तुम्हाला इथे अडवलंय, तीच तिथे दुप्पट होऊन भेटेल. नासिकॉनच्या शोधामागे त्रिमितीय वाट हवी हाच विचार होता.

मोजणीबद्दल दोन गोष्टी. सिल्व्हर पेस्टऐवजी सोन्याचा पातळ थर द्या, चांदीचे आयन सोडियमच्या जागी शिरू शकतात आणि गरम मोजणीत ते नको असतं. आणि मोजण्याआधी गोळी २५० अंशांवर तासभर वाळवून त्याच बंद कक्षात थंड करा. पावसाळ्यात ओल्या पृष्ठभागावरून प्रोटॉन वाहतात आणि वाहकता असते त्यापेक्षा चांगली दिसते. असा फुगलेला आकडा छापण्यापेक्षा कमी आकडा छापलेला बरा. वाहकता गुणिले केल्विन तापमान याचा दशमान लॉगॅरिदम, हजार भागिले तापमान याच्यासमोर काढा. उतार गुणिले ०.१९८४ केलं की सक्रियण ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. ०.३ ते ०.४ मध्ये आली तर ठीक. १५० ते २०० अंशांत रेषा वाकते, ती रूपबदलामुळे, तिथून दोन तुकड्यांत वेगळी बसवा.

पुढची गोळी अशी करा: वाळवलेलं कार्बोनेट, आयसोप्रॉपिल अल्कोहोल, मधली दोन दळणं, भुकटीत पुरून १२२० अंश, आठ तास. भट्टीत जाण्याआधीचं आणि नंतरचं वजन, कॅल्साइन भुकटीचं एक्सआरडी, आणि अर्धवर्तुळाचा डावा छेद किती ओहमला येतो, हे तीन आकडे मला पाठवा. डावा छेद २५० च्या जवळच राहिला आणि उजवा ६०० च्या खाली आला, तर स्कँडियमची ऑर्डर द्यायला हरकत नाही.